वरचं बटण

चपलांच्या खोक्यावर
बाबांच्या जुन्या सदऱ्याची सहा बटणं लावलीत मी,
एकाखाली एक, दोन बोटांच्या अंतरानं.
सुईत दोरा लीलाधरनं ओवला, टाके माझे.
म्हणून ओळ तांडापेठेतल्या आमच्या गल्लीसारखी,
जरा वाकडी.

रोज दुपारी, बाहेर त्रेचाळीस,
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून झालं
की खोकं टेबलावर ठेवते,
भोवती कॅलेंडरचा पुठ्ठा उभा करते
(तिथंही असाच आडोसा असतो)
आणि चौथ्या बटणाकडे निघते.

निघते म्हणजे
डावा हात उजव्या मनगटावर,
कोपर बरगडीशी घट्ट,
श्वास अर्धा सोडायचा, अर्धा ठेवायचा.
मग बोट.
बोट चौथ्याकडेच निघतं
आणि मध्येच काहीतरी आठवल्यासारखं
तिसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहतं.

परवा चाळीसपैकी सव्वीस.
काल एकतीस.
वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

उमरेडकर काकूंच्या बेलवरही करून पाहिलं.
तिसऱ्यांदा वाजली तशा त्या आतूनच ओरडल्या,
'काऊन वं, आग लागली का कुठी?'
नाही काकू, मतदान आहे.

पराते मॅडम फॉर्म घेऊन आल्या होत्या.
'आता घरूनच होते ना. टीम येते.
चाळीस टक्क्यांच्या वर पाहिजे फक्त.'
माझे पंचाहत्तर. मेडिकलचा शिक्का आहे.
दहावीला एवढे नव्हते मिळाले.
मी म्हटलं, शाळेतच येते.
त्या शाळेनं पहिलीत मला घेतलं नव्हतं,
पायऱ्या आहेत म्हणाले होते.
निवडणुकीपुरता आता रॅम्प येतो.
येतो तर जाऊन येते.

लीलाधर म्हणतो, 'मी दाबतो ना तुह्यावालं बटन.
नियमात हाय. सोबती म्हणून.'
चांगला आहे तो.
म्हणूनच त्याला सांगता येत नाही

की मागच्या वेळी बोट वरच्या बटणावर गेलं.
लाल दिवा. ती लांब शिट्टी.
काचेआड चिठ्ठी आली,
सात सेकंद थांबली,
मला नको होती ती, पण माझीच होती.
मग कापून खाली पडली.
बाहेर आले तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.
एक पोरगा फोटो काढत होता, 'ताई, बोट वर करा.'
केलं.
फोटो हलला. बरं झालं.

एका मतानं काय होते, असं सगळेच म्हणतात.
त्यांना आपलं मत कुठं पोचलं ते नक्की ठाऊक नसतं.
मला माझं ठाऊक आहे.
पाच वर्षं नळ कोरडा राहिला,
चौकात खड्ड्यानं खुर्ची अडवली,
की मी गप्प बसते.
तक्रार करायला लाज वाटते.

उद्या.
पिशवीत कार्ड, चिठ्ठी, सर्टिफिकेट, पाणी,
ऊन लागू नये म्हणून काकूंनी दिलेला कांदा.
चाकात हवा भरून झाली.
तिथं पोचले की म्हणतील, 'यांना पुढं जाऊ द्या, पुढं.'
मी थांबते म्हणणार आहे, सगळ्यांमागे,
घाम पुसत, गप्पा ऐकत.
कुणी वाट करून देत नसलं
की माझा हात जरा शांत असतो.

आता दिवा बंद आहे. खोकं मांडीवर.
मोजत नाहीये.
चौथं बटण सदऱ्याच्या गळ्याचं होतं,
काठाला कपचा उडालेला,
बोट त्याला अंधारातही ओळखतं.

उद्याचं निळं असेल, गुळगुळीत,
वरच्यासारखंच.