ओळ २१४ नंतर ६७१

समासात एक बारका त्रिकोण.
दाबला की साडेचारशे ओळी
एका ओळीच्या पोटात जातात,
शेवटी तीन टिंबं, राखाडी.
आकडे मात्र खोटं बोलत नाहीत :
दोनशे चौदानंतर थेट सहाशे एकाहत्तर.
मधलं कुठे गेलं, कुणी विचारत नाही.
मीही विचारलं नाही, आठ महिने.

फाईल उंबरजेंची. मला वारशानं आली,
त्यांची खुर्ची, खुर्चीचा मोडका हात
आणि खणातली आवळासुपारीची डबी धरून.
रात्री साडेअकराला जागी होते ती,
चारशे सोसायट्यांच्या मेंटेनन्सची बिलं काढते
आणि पुन्हा झोपते.
जाताना म्हणाले, "वरचं वर बघा.
घड्या घालून ठेवल्यात. मोडू नका."

घडी मोडणं म्हणजे आमच्याकडे
नवी साडी पहिल्यांदा अंगाला लावणं.
आई म्हणते, तूच मोड गं घडी.
तीच आई दर दिवाळीआधी
इरकल काढून घडी बदलून घालते,
कारण एकाच घडीवर वर्षं काढली
की रेशीम नेमकं घडीवरच विरतं,
बाकी सगळी साडी कोरी करकरीत.

मला तरी कुठे घड्यांची सवय नव्हती!
वारज्याहून सात-चाळीसची कंपनीची बस,
डोकं काचेला, डोळे उघडतात तेव्हा खराडी.
म्हात्रे पूल, स्वारगेट, मगरपट्टा :
तीन टिंबं.
घरी विचारतात, कसा गेला दिवस.
नेहमीसारखा.
दाबला त्रिकोण.

मग परवा रात्री बिलं निघेनात.
लाल अक्षरं म्हणे, चारशे सत्तेचाळीस.
मॅनेजर फोनवर,
मागे त्याचं बाळ रडतंय.
मी घडी उघडली.

आत काय नव्हतं!
नाव बदललेल्या सोसायट्या, जुन्या नावांसकट.
एक अट, फक्त फेब्रुवारीपुरती.
'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.'
खाली, 'हे पण.'
आणि त्याखाली चार ओळी,
प्रत्येकीपुढे दोन तिरप्या रेघा ओढून निजवलेल्या.
बिलं संपली की एका नंबरला मेसेज जायचा :
'झालं. निघतोय. दार लावून झोप.'
शेजारी तारीख, सहा वर्षांपूर्वीची.
आणि एवढाच शब्द : बंद.

पुसलं नव्हतं. पुसायला एक बटण पुरतं.
पुसलं नव्हतं, चालूही ठेवलं नव्हतं,
वरून घडी घातली होती.

चूक तिथे नव्हतीच.
चूक माझी, मंगळवारची, खूप वरची,
एक महिरपी कंस उघडा टाकून
मी चहाला गेले होते.
यंत्र बिचारं शोधत शोधत
चारशे सत्तेचाळीसपर्यंत आलं आणि तिथे बसलं.

कंस लावला. बिलं निघाली, चारशे अकरा.
निघताना बघत बसले.
घडी फक्त डोळ्यांना असते.
यंत्र सगळं वाचतं, मिटलेलं, उघडं,
एका दमात, वरून खाली.
फक्त त्या चार ओळींशी आलं
की न थबकता ओलांडून जातं.

मग मी पुन्हा घडी घातली,
खूण दोन ओळी खाली सरकवून.
आता दोनशे सोळानंतर सहाशे एकाहत्तर.
उंबरजेंना सांगायचं कारण नाही.

कॅबमध्ये बसून आईला टाईप केलं, हातानं,
झालं, निघतेय.
मुंढव्याच्या पुलावर रेंज गेली, एकच टिक.
ड्रायव्हर म्हणाला, झोपा मॅडम, उठवतो.
नको म्हटलं.
डोळे उघडे ठेवले,
निदान स्वारगेटपर्यंत तरी.