मुळ्याची नव्हे, मुळांची

माझ्या पिशवीत पाना, दाबमापक, मूठभर वायसर
आणि एक वही, जिचा धंद्याशी संबंध नाही.
सोडामशीन जिथे फुसफुसतं तिथे मला बोलावतात:
वाशी, कोपरखैरणे, घोडबंदर रोडवरची नवी हॉटेलं,
काचेआड तांब्याच्या टाक्या, लग्नातल्या बंबांसारख्या घासलेल्या.
बिअर मी पीत नाही.
बिलावर सही झाली की विचारते,
"घरची रूट बिअर ठेवता का?"

बेलापूरला ठेवतात.
चरईचा लेस्टर स्वतः उकळतो, रविवारी, चर्चहून आल्यावर.
दोन बोटं फेस, खाली जुन्या कपाटाचा रंग.
वहीत लिहिलं: गूळ पुढे, दालचिनी मागे, मध्ये कोणीच नाही.
त्याला वाचून दाखवलं. तो हसला नाही.
पुढच्या खेपेला मध्ये जायफळ येऊन बसलं होतं.

घोडबंदर: बाटलीतला अर्क. उधारी मागायला आलेल्या माणसाइतका गोड.

वाशी, सेक्टर सतरा: पहिल्याच घोटाला
नाकात कंबरदुखीचं मलम.
वेटर म्हणाला, "मॅडम, सगळे हेच विचारतात,
प्यायचं की चोळायचं?"
मी दुसरा ग्लास मागवला. मला आवडलं होतं.

नेरूळ स्टेशनबाहेर सेल्वराणीचं हातभर दुकान.
लिंबू, सब्जा, तळाशी काळपट पाक, गॅस अजिबात नाही.
"नन्नारी," ती म्हणाली, आणि बरणी उघडून
माझ्या नाकाखाली धरली.
हा वास मला माहीत होता.
कुठून, ते दिवसभर आठवेना;
एका मशीनचा नळ उलटा बसवला मी त्या दिवशी.

शनिवारी जांभळी नाक्यावर आठवलं.
येऊरहून आलेली बारकी, समोर गोणपाट,
त्यावर सुतळीने बांधलेल्या बारीक, मातकट जुड्या.
"उपळसरी हाय. उन्हाळी लागली का उकलून प्या."
लेस्टर ज्याला परदेशी नावाने हाक मारतो,
सेल्वराणी बरणीत ठेवते,
ते इथे वीस रुपयाला जुडी, माती फुकट.

घरी बाबांना सांगितलं, मुळांची बिअर करणार.
"मुळ्याची?"
"मुळांची."
"मुळ्याचीच करतील एक दिवस," म्हणाले, "लोकांकडे पैसा झालाय."

एकवीस वर्षं त्यांनी कळव्याच्या कारखान्यात
सोड्याच्या बाटल्या भरल्या, उलट्या करून गोटी बसवली.
डाव्या भुवईत अजून काचेची रेघ आहे.
परवाच्या तापात त्यांचा वास गेला तो गेलाच.
थर्मासातून मी आणलेली प्रत्येक चव
ऐरोलीचा पूल ओलांडेपर्यंत निवून जायची,
आणि ते जीभ टाळ्याला लावून एकच निकाल द्यायचे:
गॅस कमी.
दालचिनी नाही, गूळ नाही, मलम नाही.
त्यांच्यापुरतं जगात आता गोड आहे आणि टोचतं एवढंच.

म्हणून रविवारी मी लहान सिलिंडर घरी आणला.
जुड्या धुतल्या, ठेचल्या, गुळात उकळल्या.
पूर्ण चाळीत वास. शेजारच्या भोईरबाई
"कोण आजारी?" म्हणून दारात.
पाक गार केला, पाणी बर्फासारखं, मग दाब दिला,
नियमापेक्षा थोडा जास्त, हे लेस्टरला सांगणार नाही.

बाबांनी ग्लास तोंडाला लावला नाही.
कानाला लावला.
बराच वेळ.
पंखा बंद करायला सांगितला.
मी विचारलं, कसा झालाय.
ते ग्लासकडे नव्हे, ओट्याखाली बघत होते.

"वायसर गळतोय तुझा," म्हणाले.

खाली वाकले. साबणाचं पाणी लावलं.
सांध्यापाशी एक बुडबुडा, मोहरीएवढा,
फुगत होता, फुटत होता, फुगत होता.
बारा वर्षं या धंद्यात मी.
पाना आणायला उठले,
परत आले तर ग्लास रिकामा,
आणि मिशीवर फेस, त्यांना न कळलेला.

वहीत कळव्याचं पान अजून कोरं आहे.