वाऱ्याचा दर

रास अल खैमाला, जुन्या होड्यांच्या धक्क्यामागे
आम्ही बिअरची भट्टी बांधत होतो.
आईला मी गिरणी सांगितली होती.
जव भरडतात तिथे, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

माझं काम मोजण्याचं.
माती किती घनमीटर, झावळ्यांचे ताटवे किती,
काथ्या किती किलो,
ओळीपुढे दर, दरापुढे रक्कम.
मौझाबाई, आमच्या आर्किटेक्ट, पहिल्याच बैठकीत म्हणाल्या,
गारवा यंत्राचा तो टाक्यांना. माणसांना वारा.
आणि कागदावर चार मनोरे काढले,
शमाल सुटला की घशात घेणारे,
खाली बाकांवर बसलेल्यांच्या मानेवर सोडणारे.
मी लिहिलं : वातमनोरे, नग चार.
वाऱ्यापुढे काय लिहू, विचारलं.
रेघ मारा, म्हणाल्या.

सप्टेंबरातसुद्धा दुपारी तीनला
सळई हातमोज्यातून चावते.
झरवली, पेशावरकडचा गवंडी,
मातीत पाणी किती ते तळहाताला विचारायचा.
भट्टीतला चोथाच तो मातीत कालवायचा,
दुसरीकडून आणलेला, नमुन्यापुरता;
उरलेला हुमैदच्या उंटिणी
पोत्यासकट खायला बघायच्या.
पहिला मनोरा झाला त्या संध्याकाळी
माझ्या खोलीतली उदबत्ती पेटवून
तो खाली मधोमध उभा राहिला.
धूर आधी गोंधळला,
इकडे वळला, तिकडे वळला,
मग कुणी नावानं हाक मारावी तसा
सरळ वर निघून गेला.
झरवली काही बोलला नाही.
विझलेली काडी त्यानं पगडीत खोचली.

मला मात्र चोथ्याजवळ उभं राहवत नसे.
वास तोच नव्हता, त्याचा सख्खा भाऊ होता.
वडील दिमडी वाजवायचे. चांगली वाजवायचे.
पण वाजवायचे ते गुत्त्यात,
आणि आमच्याकडच्या गुत्त्याला
फक्त मागचं दार होतं.
खिडकी नाही. पत्रा तापलेला.
आत गेलेलं गाणं बाहेर येताना
शिवी होऊन यायचं.
मी दारात उभा राहायचो, कंदील घेऊन,
आणि मनात मोजायचो,
किती पावलांवर ते पडतील.
मोजायची सवय तिथली असेल.

या घराला चार दारं, चारही पुढची.
मधला चौक गाण्याला, वाचनाला, नाटकाला,
टाक्या भोवतीनं, काचेआड,
पिंपं धुतलेलं पाणी मागच्या गाफच्या झाडांना.
आराखड्याची घडी घालताना एकदा वाटलं,
असा चौक त्यांना मिळाला असता तर.
लगेच वाटलं, तर काय?
पाय तेच होते. रस्ताही तोच होता.

टाक्या भरायच्या आदल्या रात्री
बाईंनी आवाज तपासायला माणसं मागितली.
कॅम्पची बस दहापर्यंत थांबवून ठेवली.
बिजुमोन वायरमननं आपली कविता म्हटली,
कळली नाही कुणाला, पण
तिसऱ्या ओळीला सगळे गप्प झाले.
झरवलीनं कानावर हात ठेवून
एक टप्पा सोडला, तो मनोऱ्यातून वर गेला
आणि थोडा उशिरा परत आला.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मला गाता येत नाही.
मी रिकाम्या टाकीपाशी गेलो,
बोटं ठेवली,
आणि बोटांना येत होतं.
कधी शिकलो होतो? कंदील तर
दोन्ही हातांनी धरलेला असायचा.

उद्घाटनाच्या तिकिटाचा दर नंतर दिसला,
झरवलीच्या दोन दिवसांचा.
तोवर तो फुजैराच्या साइटवर गेला होता,
आणि तसंही तो पीत नाही.
आईचा फोन : गिरणी सुरू झाली का रे?
झाली.
विजेचं बिल फार येत असेल ना?
नाही गं. निम्म्याच्या आत.

शेवटचं बिल पाठवलं.
वाऱ्यापुढे रेघ, सांगितली होती तशी.
आठवड्यानं लेखापरीक्षकाचं पत्र आलं,
एकच शंका :
बाब क्रमांक दोनशे चौदा,
उदबत्ती, पुडा एक.
कशासाठी वापरली, तपशील द्यावा.