दिसेल तेवढंच

केटरिंगच्या हाय स्ट्रीटवर, चष्म्याच्या दुकानामागच्या
अंधाऱ्या खोलीत माझी बावीस वर्षं गेली
एकच प्रश्न विचारण्यात:
आता स्पष्ट, की आधी?
आता? की आधी?
माणसं घाबरतात. चुकलं तर, म्हणतात.
मग खालच्या ओळीशी अडखळली की
माझं ठरलेलं वाक्य:
अंदाज नको. दिसेल तेवढंच सांगा.

डेस्मंड प्रॅटली, वय अठ्ठावन्न, रक्तात साखर,
गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, रात्रपाळी.
सोमवारी बाजार पडला, मंगळवारी आणखी,
बुधवारी हा माझ्या खुर्चीत.
हनुवटी टेकवा म्हटलं, तर खिशात फोन थरथरतो
आणि हनुवटीही.
"माफ करा. पेन्शन आहे त्यात.
आणि आईचं घर विकलं, त्यातला माझा वाटा.
मेहुणा म्हणाला, बँकेत पैसा नुसता झोपा काढतो."

आमच्याकडे म्हणतात, डोळ्यांत तेल घालून राखावं.
मी त्याच्या डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले.
वीस मिनिटांत बाहुल्या एवढ्या पसरल्या
की निळा रंग काठाला लागला.
पडदा पाहिला. शाबूत होता.

बाहेर खुर्चीवर त्याने फोन हातभर लांब धरला,
मग नाकाशी, मग तिरका.
"आकड्यांना केस फुटलेत," म्हणाला.
"लाल आहे एवढं कळतं.
किती लाल, ते नाही."

केरी-ॲनने चहा दिला. शेजारी मिसेस लॉफ्टहाउस
फ्रेमचा स्क्रू बसायची वाट बघत होत्या.
"आमच्या ह्यांनी सत्त्याऐंशीत तिसऱ्या दिवशी विकलं,
आणि मरेपर्यंत पुढच्या वर्षाबद्दल बोलत राहिले."
कुणीच हसलं नाही. त्याही नाही.

तो माझ्याकडे आला, हात पुढे करून.
"वाचता?"
"साधारण..." मी सुरुवात केली.
"अंदाज नको," तो म्हणाला. "दिसेल तेवढंच."

मग मी वाचलं, एकेक अंक सुटा:
आठ.
सहा.
एक. शून्य. चार.
त्याचे ओठ माझ्या मागून हलत होते.
"शुक्रवारी सुरुवातीला नऊ होता," म्हणाला.
आणि मग, अगदी हळू:
"विका लिहिलंय ते कुठे आहे?
माझं बोट तिथे ठेवून द्या फक्त."

जाड बोट, नखाखाली ग्रीस.
आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आलेल्या मुलासारखं
त्याने ते माझ्या हातात देऊन टाकलं.

मी ठेवलं नाही. शहाणपण म्हणाल, तर ते नव्हे.
सकाळी बाथरूमची कडी लावून
त्याच बटणावर माझाही अंगठा होता;
मुलीने दारावर थाप मारली, म्हणून उचलला.
नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

म्हटलं, "चार तास. बाहुली आपली आपण लहान होते.
तोवर गाडी नको, शिडी नको,
कशावर सही नको."
पत्रकावर छापलेलंच आहे ते.
गुंडाळी उलगडून मी त्याला काळं प्लास्टिक दिलं
डोळ्यांवर लावायला.
बाहेर ऊन नव्हतंच. तरी तो
बस स्टॉपपर्यंत हाताने कपाळ झाकून गेला.

साडेचारला लंडनचा बाजार मिटतो.
पावणेपाचला फोन वाजला.
"दिसायला लागलं," तो म्हणाला.
काय, ते मी विचारलं नाही.
नोंदीत लिहिलं: दृष्टी पूर्ववत, वेळ घातली.

केरी-ॲन शटर ओढत होती.
तक्त्यामागचा दिवा मालवायच्या आधी
मी रुग्णाच्या खुर्चीत जरा टेकले.
खालची ओळ मला बावीस वर्षं पाठ आहे.
म्हणून ती मला खरंच दिसते का,
हे मला कधीच कळलेलं नाही.