माशांचं झाड

खडीच्या रस्त्याचे सदतीस मैल संपले
की गुरांची जाळी, आणि जाळीपलीकडे
धुळीचा आणखी एक तास.
मग घळ. घळीच्या तळाशी, काळ्या कातळाला लागून
विलोंची एक हिरवी शिवण
आणि शिवणीत लपलेलं पाणी.
उडी मारली तर पलीकडे.

नकाशावर ते तुटक रेघांत आहे,
म्हणजे असलं तर असलं.
मेंढ्यावाला ग्राशियान म्हणतो,
"त्यात मासे? आर्लीन, त्यात माझी कुत्री भिजत नाही."
मी मान डोलावते. एकतीस वर्षं
काउंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवला;
गप्प बसायचा वेगळा पगार नव्हता,
सवय मात्र लागली.

इथे उभं राहायचं नाही.
सावली पाण्यावर पडली की डोह रिकामा,
घरपट्टीवाला आल्यासारखा.
तेव्हा गुडघ्यांवर. शेणाच्या पोळ्या चुकवत,
सेजब्रशचा कडू वास बाह्यांना माखत,
एकदा तर एका खुळखुळ्या सापाला
"आधी तुम्ही" म्हणत.
काठी फिरवायला आभाळ पुरत नाही.
हरणाच्या केसांची माशी चिमटीत धरायची,
काठी वाकवायची आणि सोडायची,
पोरं बेचकी सोडतात तशी.

परातीएवढं पाणी. त्यात एक सावली.
ती वळते, वर येते,
माझ्या खोट्या नाकतोड्याला नाक लावते,
आणि मी, साठीची बाई, श्वास विसरते.
बहुतेक वेळा ती परत फिरते.
त्याहून बहुतेक वेळा माशी पाण्यापर्यंत पोचतच नाही:
डोहावर एक फांदी आडवी आहे
टोलनाक्यावरच्या हातासारखी.
जूनमध्ये तिला दोन दिल्या. जुलैत चार.
सोडवायला जावं तर डोह गढूळ होतो.
दोरा तोडायचा, शिवी गिळायची.

सप्टेंबरात एक आला हाताला.
तळहाताएवढा ट्राउट, कुशीवर विटकरी पट्टा,
जुलैचं उकळतं पाणी कुठे बसून काढलं त्याने
त्यालाच ठाऊक.
पाण्यात धरला, तर गेला.
वळूनही बघितलं नाही. मला ते आवडलं.

पानं गळली की मी पुन्हा येते, काठी न घेता.
नोव्हेंबरात ती फांदी उघडी पडते
आणि तिला लागलेलं दिसतं सगळं:
पिवळा फोम, कोंबड्याची पिसं, गंजके इवले गळ.
मी खुडते, तंबाखूच्या डबीत ठेवते.
यंदा अकरा गमावल्या होत्या.
फांदीवर बारा.

बारावीचा धागा निळा होता.
मी निळा वापरत नाही.
गाठ डावखुऱ्या हाताची, मानेला मोराच्या पिसाचे दोन वेढे,
कुणीतरी हिवाळ्यात दिव्याखाली बसून,
चष्मा पुसत घातलेले.

आधी राग आला, खोटं कशाला बोलू.
माझ्या पाण्याला दुसऱ्याचे गुडघे!
वाळूत शोधलं. कायोटीची पावलं, बाकी काही नाही.
मग पाहिलं, ती अडकली होती
माझ्या नवव्या माशीपासून चार बोटांवर.
तीच सावली, तोच मोह,
फेकीची तीच चूक.

ती तिथेच ठेवली.
डबीतली माझी त्यातल्या त्यात बरी
शेजारी टोचली, वाऱ्याने पडू नये एवढी.
पेट्रोल भरताना ग्राशियानने विचारलं, "मिळालं काही?"
मी मान डोलावली.

मेमध्ये बर्फ वितळलं तेव्हा गेले.
दोन्ही माशा नव्हत्या.
आणि ती फांदी कुणीतरी वाकवून
हातभर बाजूला बांधून ठेवली होती,
निळ्या सुतळीने.

गुडघ्यांवर बसले. डोह सताड उघडा.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
श्वास धरला, काठी वाकवली,
आणि पहिलीच माशी
समोरच्या काठावरच्या सेजब्रशला दिली.