पाच हजार वसंत

भोसरीत, सेक्टर दहाच्या गाळ्यात,
रात्रपाळीच्या चहाला स्क्रीन उजळली.
लिथुआनियातला कुणी योनास
मशीनच्या मराठीत लिहितो:
"पाच हजार वसंत ऋतू हवेत.
तार दोन मिलिमीटर. जस्ताचा मुलामा."

लोणकरकाका हसून हसून खोकले.
एकतीस वर्षं स्प्रिंगा वळल्या,
चाकणपल्याड माल गेला नाही कधी.
गिऱ्हाईक म्हणजे समोर बसणार,
भाव पाडणार, नव्वद दिवसांची उधारी मागणार,
वर मुलीच्या लग्नाला येणार.

हा येणार नाही.
आगाऊ चाळीस टक्के टाकतो, नमुन्याचा
फोटो मागतो पट्टी शेजारी ठेवून,
आणि शेवटी उगाच विचारतो,
तुमच्याकडे आत्ता किती वाजले.

मी कस्टमचे कोड भरते,
पत्ता तीनदा तपासते.
त्या गावाचं नाव काकांच्या जिभेवर बसत नाही;
खोक्यावर मात्र मार्करनं,
इनव्हॉइसच्या खाली, कुणी न सांगता,
ते लिहितात: वसंत.

कुरियरचा पोरगा विचारतो, आत काय?
"दाबलं की परत उसळतं ते."

तिकडे आज उणे अकरा आहे म्हणे.