निवाड्याची दाढ

बुरेलाच्या बंदरावर मासळीचा लिलाव आमारो पुकारतो.
वरून खाली. चढा भाव सांगायचा, मग उतरत यायचं
कुणीतरी "माझं!" म्हणेपर्यंत.
बावीस वर्षं. घसा एकदाही बसला नाही.

मंगळवारी त्याची अक्कलदाढ काढली.
आमच्याकडे तिला निवाड्याची दाढ म्हणतात.
आडवी उगवलेली,
शेजारणीच्या मुळावर उठलेली.

डॉक्टरीणबाईंनी दोन टाके घातले, काळे.
मी जाळी सांधते, टाके मला कळतात.
बॅटरी लावून पाहिलं.
गाठ चांगली आहे, बाई.

त्या म्हणाल्या, खड्ड्यात रक्ताची गुठळी धरेल,
तिलाच जपा.
थुंकू नका, खळखळून चूळ नको,
स्ट्रॉ नको, सिगारेट तर नकोच.
म्हणजे आत एक भोक आहे
आणि रक्तानं ते विणायला घेतलंय.
मध्येच ओढलं की सगळं उसवतं.
हे मला कुणी समजवायला नको.

बर्फ बंदरावरनं आणला, बादलीभर, फुकट.
टॉवेलात गुंडाळला तरी
गालाला मेर्लुसा माशाचा वास.
वीस मिनिटं लावायचा, वीस मिनिटं काढायचा.
घड्याळ कशाला? माझी एक ओळ विणून होते तेवढ्यात.

तिसऱ्या दिवशी सूज उतरेल वाटलं होतं.
चढली.
त्याची आई फोनवर: दारूची चूळ भर म्हणावं.
मी हो म्हटलं
आणि कोमट पाण्यात मीठ घातलं.
पाणी तोंडात नुसतं हेलकावू द्यायचं,
मग बेसिनवर वाकून ओठ सोडायचे,
ओहोटी जाते तसं जाऊ द्यायचं आपणहून.

तीन उशांवर, बसल्यासारखा झोपतो.
गोळीआधी बटाट्याचं गार सूप,
दर चमच्याला डोळ्यांनीच एक शिवी.
बिलाच्या पाठीवर लिहून विचारतो, किती वाजले?
गोळीची वेळ विचारतोय. कळतं मला.

रविवारी पहाटे झोपेत पुटपुटायला लागला,
अर्ध्या तोंडानं:
नऊ... साडेआठ... आठ...
कसला माल होता कोण जाणे.
कुणी घेत नव्हतं.
सहा. साडेपाच.

पाचवर मी म्हटलं, "माझं."

गप्प झाला.
मग कूस बदलली, त्याच गालावर,
आणि कण्हला नाही.